सत्कार करू नका, माणूस घसरेल

दारू सोडलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका कशाचा, असं लोक मला विचारतात. लग्नसराईत जास्त विचारतात. त्यांची अपेक्षा असते की मी कोपऱ्यावरच्या वाइन शॉपचं नाव घेईन, जुन्या मित्रांचं घेईन, गेलाबाजार एकतीस डिसेंबरचं तरी घेईन. मी शालीचं नाव घेते. शाल, श्रीफळ आणि वर पुणेरी पगडी. विचारणारा हसतो, कारण त्याला वाटतं बाई विनोद करतायत. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. तिथे विनोद करायची गरज कधी पडली नाही, ते आपणहून समोर येऊन बसायचे.

समुपदेशक म्हणजे नेमकं काय, हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत अजून कुणाला कळलेलं नाही. निम्म्यांना वाटतं मी डॉक्टर आहे, म्हणून ते मला लिफ्टमध्ये गुडघे दाखवतात. उरलेल्यांना वाटतं मी दारुड्यांना उपदेश करत होते. उपदेशाने दारू सुटत असती तर पुण्यात पिणारा औषधालाही सापडला नसता. इथे उपदेशाचा तुटवडा कधीच नव्हता.

धंद्यातलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंगातली दारू उतरवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. ते डॉक्टर करतात. हातांची थरथर थांबते, अन्न जायला लागतं, माणूस बॅग भरून घरी जातो आणि घरचे पेढे वाटतात. माझं काम पेढे संपल्यावर सुरू व्हायचं. सुटलेली दारू पुन्हा लागते, त्याला आम्ही घसरण म्हणतो. लोकांना वाटतं घसरण म्हणजे पहिला घोट. खरं म्हणजे पहिला घोट ही घसरणीची शेवटची पायरी. ती सुरू झालेली असते कितीतरी आधी, माणूस पूर्ण शुद्धीत असताना. तो वेळेवर अंघोळ करत असतो, भांग पाडून कामाला जात असतो, आणि घरचे एकमेकांना सांगत असतात की किती सुधारलाय बघा. तेव्हा जी ओळखता येते ती खरी ओळख. तोंडाला वास आल्यावर काय, गल्लीतलं कुत्रंही ओळखतं.

कोथरूडमधलेच एक बँक अधिकारी होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि आपल्याला व्यसन नव्हतं, नुसती सोशल हॅबिट होती असा ठाम समज. केंद्रातून घरी गेल्यावर काही महिन्यांनी त्यांची पत्नी मला आनंदाने सांगायला आली की साहेब आता स्वतः भाजी आणतात. संसारात ज्या माणसाने कोथिंबिरीची जुडी कधी हातात धरली नाही, तो दर शनिवारी पिशवी घेऊन निघतो. मी विचारलं, कुठून आणतात? म्हणाल्या, थेट गावातल्या मंडईतून, तिथे ताजी मिळते. आता कोथरूडमध्ये पावलोपावली भाजीवाले आहेत. कोथरूडचा माणूस कोथिंबिरीसाठी मंडई गाठतो, तेव्हा तो कोथिंबिरीसाठी जात नाही. मंडईमागच्या गल्लीत साहेबांची बसायची जुनी जागा होती. अजून आत पाऊल टाकलं नव्हतं, नुसते समोरून जात होते, हातात पिशवी आणि चेहरा निष्पाप. मी बोलावून विचारलं तर भडकले. मी त्यांच्या व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालतेय म्हणाले, आणि तेही इंग्रजीत म्हणाले. थोड्याच दिवसांत घरी भाजी यायची बंद झाली आणि साहेब पुन्हा केंद्रात दाखल झाले. पत्नी मला म्हणाल्या, "अहो, पण भाजी खरंच ताजी असायची."

नातेवाइकांबद्दल मी फार बोलू नये, बिचारे भोगतात. पण काही जण भोगता भोगता जे उद्योग करतात त्यांना तोड नाही. भिंतीवर जाहिरात वाचायची, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा', आणि कसलीतरी पूड आणून जेवणात कालवायची. ती कशाची आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि माणूस मरायलाही टेकू शकतो. एका सासूबाईंनी जावयाच्या वरणात ही पूड घालायला सुरुवात केली. जावयाने दारू सोडली नाही, वरण सोडलं. सासूबाई मला सांगत होत्या की औषध चांगलं आहे पण जावयांनाच लागू पडत नाही.

तरी या सगळ्यांहून घातक माणूस म्हणजे सत्कार करणारा. दारू सोडलेल्याच्या हातात हत्यार एकच असतं. प्यावंसं वाटलं की ते तोंडाने कुणाला तरी सांगायचं. सांगितलं की तलफ थोडी ओसरते, मनात ठेवली की वाढते. आमच्या शास्त्रात पुस्तकं पुष्कळ आहेत, पण पिळून काढलं तर एवढंच हाती लागतं. सत्कार नेमकं हे तोंड बंद करतो. ज्याचा फोटो चौकात 'व्यसनावर विजय' म्हणून लागलाय, त्याने संध्याकाळी घसा कोरडा पडला हे सांगायचं कुणाला? फोटोखाली उभं राहून? मग तो सांगत नाही. मग तो हसतमुख होतो, दुसऱ्यांना मार्गदर्शन करायला लागतो, नाकाने कांदे सोलायला लागतो. आणि एक दिवस त्याची बायको मला फोन करते. शाल घेऊन घरी गेलेले आणि पुढे गटाराच्या कडेला सापडलेले इतके पाहिलेत की कुणी हार आणायला निघालं की मी आधी त्याची वाट अडवते.

रशीदभाईंचं सांगायचं म्हणून हे सगळं सांगितलं. नाव बदललं आहे. त्यांची परवानगी घेतली तेव्हा म्हणाले, नाव बदला पण धंदा बदलू नका, उगाच मला टेलर-बिलर करू नका. तर रशीदभाई पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. कसबा पेठेत आजोबांपासूनचं त्यांचं दुकान आहे, दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. भजनी मंडळांपासून गाण्याच्या क्लासपर्यंत सगळ्यांच्या पेट्या तिथे येतात. दारूपायी त्यांचा हात हलायला लागला आणि पेटीच्या आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या घासताना बिघडायला लागल्या, तेव्हा ते केंद्रात आले. घरून नातेवाइकांना सांगितलं होतं की पोटाचा विकार आहे. त्यांच्या घरात दारूचं नावही घ्यायची पद्धत नव्हती, त्यामुळे लपवाछपवी दुप्पट. बरे होऊन गेले आणि घसरले. पुन्हा आले, पुन्हा घसरले. दुसऱ्या वेळी त्यांच्या पत्नी नसीमभाभी नगरला माहेरी निघून गेल्या.

तिसऱ्यांदा आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की यकृताने आता हात टेकलेत, चौथी खेप होणार नाही. नसीमभाभी परत आल्या. पण मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "ताई, या वेळी घसरले तर मी भांडणार नाही. नुसती जाईन. मग डॉक्टरांनी बोलावलं तरी येणार नाही." बायकांच्या धमक्या मी आयुष्यभर ऐकल्या, त्यातल्या बहुतेक चहाबरोबर विरघळतात. नसीमभाभी धमकी देत नव्हत्या, कळवत होत्या.

त्यांच्या घरी एक रीत पडली होती. रशीदभाई दुकान बंद करून घरी आले की उंबऱ्याबाहेरच थांबायचे, चपला काढायच्या आधी तोंड पुढे करायचे आणि 'हाः' करून श्वास सोडायचे. भाभी वास घ्यायच्या. मान हलली की चपला काढायच्या, मग घरात. केंद्रातल्या आमच्या नव्या पिढीला हे भयंकर वाटलं. विश्वासाचं नातं हवं, हे अपमानास्पद आहे वगैरे त्यांनी दोघांना बसवून समजावलं. रशीदभाई शांतपणे म्हणाले, विश्वास मीच खाल्लाय, आता तिने हवेवर दिवस काढायचे का? मला ते पटलं होतं. विश्वासावर भाषण देणाऱ्यांचं लग्न व्हायचं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आमची बैठक असते. कसब्यातल्या एका शाळेचा वर्ग आम्हाला मिळतो. दारू सोडलेली माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसतात आणि आठवडा कसा गेला ते सांगतात. निवृत्तीनंतरही ही एक बैठक मी ठेवली आहे, घरी बसून सोसायटीचे गुडघे बघण्यापेक्षा बरी. रशीदभाई मागच्या बाकावर बसायचे आणि त्यांचं दर गुरुवारचं वाक्य ठरलेलं असायचं. "या आठवड्यात पण वाटलं. पण नाही घेतली." इतकी वर्षं झाली तरी 'वाटलं' चुकायचं नाही. एकदा म्हणाले, पेटी बेसूर व्हायच्या आधी भात्यातून हवा गळते, वाजवणाऱ्याला कळत नाही, तो नुसता जोर लावतो. त्या वर्गात मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं बोलणं. मी तेही वाया घालवलं, कसं ते पुढे येईल.

याच सुमारास खराडीहून एक कंपनी आमच्या केंद्रात अवतरली. तिचा माणूस म्हणजे प्रथमेश, वयाने माझ्या भाच्याएवढा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, जणू हरवला तर कुणीतरी परत पाठवावा म्हणून. म्हणाला, "मॅम, आम्ही रिलॅप्स प्रेडिक्ट करतो. युजरला काही करायचंच नाहीये, फक्त वॉच घालायचं." मी म्हटलं, पिणाऱ्याला काही करायचंच नसतं, हीच तर सगळी अडचण आहे. त्याने ते सूचना म्हणून टिपून घेतलं. घड्याळ झोप मोजायचं, नाडी मोजायचं, पावलं मोजायचं, आणि मोबाइलवर रंग दाखवायचं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे घसरण जवळ. मंडईपर्यंत चालत जाणारे आमचे बँकवाले साहेब या घड्याळात हिरवेगार दिसले असते. व्यायाम उत्तम, ताजी हवा, मनही प्रसन्न. रशीदभाईंनी घड्याळ घातलं, कारण नाही म्हणणं त्यांना जमत नाही. ते हिरवे दिसायला लागले आणि प्रथमेश त्यांचा आलेख लोकांना दाखवत फिरायला लागला.

तो आलेख कसब्यातल्या एका मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत पोचला. मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं आणि सत्कारमूर्तींची यादी आटत चालली होती. दहावीची मुलं झाली, ज्येष्ठ नागरिक झाले, हरवलेला कुत्रा शोधून दिला म्हणूनही एकाचा सत्कार झाला होता. आता अध्यक्षांना रशीदभाई सापडले. दारू सोडलेला माणूस, पेठेतला कारागीर, आणि वर धर्माधर्मातला एकोपा. एका दगडात तीन पक्षी. मी अध्यक्षांना जाऊन भेटले. म्हटलं, तुमच्या मंडळाने हवं तर त्यांच्याकडून भजनाच्या पेट्या दुरुस्त करून घ्या, पण सत्कार करू नका, माणूस घसरेल. अध्यक्ष मनमोकळे हसले. "काय ताई, चांगल्या कामाला नाट लावता? अहो, लोकांसमोर मान मिळाला की माणसाला जबाबदारी येते." मी म्हटलं, जबाबदारी येते आणि ती पेलायला तो पितो. त्यांनी मला पहिल्या रांगेचा पास दिला.

रशीदभाईंनाही सांगितलं. ते नजर चुकवून म्हणाले, लोक प्रेमाने करतायत, तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग चौकात फ्लेक्स लागला. त्यावर रशीदभाई हात जोडून हसत होते आणि मागे उगवता सूर्य होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी बैठकीला एक नवीन माणूस आला होता. त्याने त्यांना विचारलं, तुम्हाला कधी पिण्याची आठवण येते का हो? रशीदभाई म्हणाले, "आता नाही." त्या दिवशी ते पुढच्या बाकावर बसले होते.

माझ्या मते निकाल लागला होता. नसीमभाभींना मी स्पष्ट सांगितलं की मला लक्षण बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, वास तर नाही येत, ताई. मी म्हटलं, वास शेवटी येतो.

सत्कार नेमका गुरुवारी संध्याकाळी होता. बैठक मी आमच्या एका तरुण सहकाऱ्याकडे सोपवली आणि चौकात जाऊन बसले. पाठ थोपटायला मी गेले नव्हते, पडलेला माणूस उचलायला गेले होते, आणि हे मी सगळ्यांना ऐकवत होते. मंचावर खुर्च्या, समई, अध्यक्षांच्या अंगावर नवा जाकीट-कुर्ता. प्रथमेश मंचावर होता, त्याला घड्याळाबद्दल दोन शब्द बोलायचे होते. ते दोन शब्द कितीतरी वेळ चालले. पहिल्या रांगेत नसीमभाभी, डोक्यावरून ओढणी घेऊन, ताठ बसलेल्या. नगरहून त्यांचा भाऊही आला होता. ज्या घरात पोटाचा विकार सांगितला होता, तिथे आता लाऊडस्पीकरवरून खरं सांगितलं जाणार होतं.

नाव पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मंचामागे बघितलं, दुकानात माणूस पाठवला, दुकानाला कुलूप. फोन लागेना. निवेदकाने वेळ काढायला एक सुविचार सांगितला, मग दुसरा. प्रथमेशने मोबाइल काढला आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅम, रेड दाखवतंय. हार्ट रेट एकदम शूट झालाय. हाय रिस्क." आयुष्यात पहिल्यांदा मी आणि ते घड्याळ एकमताचे झालो होतो. मी अध्यक्षांकडे बघितलं आणि म्हटलं, मी तुम्हाला सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, ते म्हणताना मला बरं वाटलं. मग माझी नजर नसीमभाभींकडे गेली आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

त्या उठल्या होत्या. भावाने हात धरला तो त्यांनी सोडवला आणि चालू लागल्या. मी मागे गेले. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाल्या, "जुन्या अड्ड्यावर. डोळ्यांनी बघते आणि मग भावाबरोबर जाते." आवाज साधा होता. रस्ता विचारणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्या भराभर चालत होत्या आणि मला धाप लागत होती. नोकरीत इतकी वाक्यं वापरली, ऐन वेळी एकही कामाचं निघालं नाही. मला फार वाईट वाटत होतं, त्यांचं आणि रशीदभाईंचंही.

अड्ड्याकडे जाणारी गल्ली शाळेवरून जाते. वर्गात दिवा होता. गुरुवारची बैठक चालू आहे हे मला, ती इतकी वर्षं घेणाऱ्या बाईला, साफ विसरायला झालं होतं. आणि उघड्या खिडकीतून रशीदभाईंचा आवाज आला.

दोघी थबकलो. बैठकीत बोललेलं बाहेर सांगायचं नसतं, हेही त्यांना विचारूनच लिहिते आहे. ते म्हणत होते, "चौकात माझा फोटो लागलाय. लागल्यापासून रोज प्यावंसं वाटतंय. मागच्या गुरुवारी इथे मी खोटं बोललो. आता ते माझं नाव पुकारतायत आणि माझे पाय अड्ड्याकडे निघाले होते, मध्ये ही शाळा आली. मी इथे पळून आलोय. मला आता, या मिनिटाला, प्यावंसं वाटतंय." आत कुणी टाळी वाजवली नाही. आमच्या बैठकीत वाजवत नाहीत. कुणीतरी म्हणालं, बसा, चहा घ्या.

नसीमभाभी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी आत जाऊ या म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि आम्ही बैठक संपेपर्यंत बाहेरच थांबलो.

चौकात आमच्यामागे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आणलेली शाल परत कशी न्यायची, म्हणून अध्यक्षांनी ती प्रथमेशला घातली, तंत्रज्ञानातून समाजसेवा केल्याबद्दल. पगडीसुद्धा त्यालाच, ती त्याच्या कानांवर आली होती म्हणतात. फ्लेक्स मात्र पुढे बरेच दिवस तसाच राहिला, पुण्यात उतरवायला कुणी जात नाही. घड्याळाने लाल दाखवलं ते एका परीने बरोबरच होतं, माणूस पळत होता. कशाकडून कशाकडे, हे काही त्याला मोजता येत नाही. आणि भात्याचं बोलणं ऐकलेल्या मला तरी मोजता यायला हवं होतं, तर मी पहिल्या रांगेत बसून रशीदभाईंच्या पडण्याची वाट बघत होते. तेव्हापासून कोण घसरेल याचे अंदाज मी सांगत नाही. विचारलं तर म्हणते, त्यालाच विचारा, आणि त्याने खरं सांगितलं तर हार घालू नका.

तर त्या संध्याकाळी बैठक सुटली. माणसं बाकांतून गुडघे सोडवत बाहेर आली. रशीदभाई सगळ्यात शेवटी आले, आणि दारात बायकोला बघून जागच्या जागी उभे राहिले. मग सवयीने, उंबऱ्याच्या आत थांबूनच, त्यांनी तोंड पुढे केलं आणि 'हाः' करून श्वास सोडला.

नसीमभाभी पुढे झाल्या नाहीत.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "ऐकलंय मी."

मग दोघं घराकडे चालू लागली, आणि मला रिक्षापर्यंत सोडायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.